रणगाड्यांना रंग

टीव्ही बिघडला की तो कसा बिघडला हे घरातलं कोणीही खरं सांगत नाही. "आपोआप बंद पडला," असं म्हणतात आणि मागच्या बाजूने चहाचा ओघळ दिसत असतो. व्हिडिओ गेमचं नेमकं उलट. तो घेऊन येणारा माणूस सगळं सांगायचा. कुठल्या लेव्हलला होता, किती जीव शिल्लक होते, समोर कोण उभं होतं आणि त्याच वेळी करंट कसा गेला. मला एवढंच हवं असायचं की पेटीचा लाल दिवा लागतो की नाही. तरी मी ऐकून घ्यायचो. नव्वदच्या दशकात मल्लेश्वरमच्या बाजारात, फुलवाल्यांच्या ओळीमागे माझं रिपेरीचं दुकान होतं आणि तिथे रोज कोणीतरी स्वतःच्या मरणाची हकीकत सांगायला येत असे, तीही हसत हसत.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, असं घरात सांगतात. घरात मराठी, दारात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी जी चालेल ती भाषा. लोक मला 'रिपेरी राव' म्हणत. पाटीवर वेगळंच नाव होतं, पण ते रंगवणाऱ्याशिवाय कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

ज्यांनी त्या पेट्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेटी टीव्हीला जोडायची, तिच्या खाचेत खेळाची प्लास्टिकची डबी बसवायची आणि हातात पॅड घेऊन खेळायचं. त्या डबीला सगळे कॅसेट म्हणत, आत फीत नसली तरी. डबीच्या खालच्या कडेला तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात आणि खाचेत त्यांच्याशी जुळणाऱ्या पिना. त्यांच्यामध्ये धूळ आली की पडदा काळा. माझ्याकडे येणारी बहुतेक दुखणी एवढीच होती आणि औषध म्हणजे स्पिरिट, जुना टूथब्रश आणि शाळेतला खोडरबर. लोक मात्र डबी तोंडाजवळ धरून फुंकर मारत. फुंकरीतल्या ओलीने पिना गंजतात. "कॅसेटमध्ये फुंकू नये" अशी पाटी मी कन्नडमध्ये लावली होती. गिऱ्हाइकं ती पाटी वाचत आणि वाचता वाचता फुंकत.

एक दोशाच्या हॉटेलचे मालक यायचे. गल्ल्यावर बसल्या बसल्या ते मोटारींचा खेळ खेळत. त्यांचं पॅड उघडून मी म्हणालो, "ह्यात तूप शिरलंय." त्यांना ते फार लागलं. "तूप बेड, तूप म्हणू नका," ते म्हणाले. "आमच्या हॉटेलात लोणीच वापरतात." मी बोलणं सुधारून घेतलं. पॅड साफ झालं, पण त्याला दोशाचा वास शेवटपर्यंत येत राहिला आणि मला ते दुरुस्त करताना दर वेळी भूक लागायची.

एक सासू-सून राजाजीनगरहून आल्या. वरून विटा पडतात आणि त्या नीट रचायच्या, हा त्यांचा खेळ. सासूबाई म्हणाल्या, "ह्या विटा फार भराभरा पडतात, स्वल्प हळू करून द्या." त्या बाहेर फुलं घ्यायला गेल्या तशी सून हळूच म्हणाली, "स्वल्प जोरात करा, त्यांचा डाव संपतच नाही." मी पिना पुसल्या आणि दोघींनाही स्वतंत्रपणे सांगितलं की केलंय. पुढच्या महिन्यात दोघीही आभार मानून गेल्या.

अशा दिवसांत वत्सला दुकानात आली. ती एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिशीच्या आसपासची, बोलण्यात घाई असलेली. बसवनगुडीहून दोन बस बदलून तिने एक जड काळी पेटी आणली होती. तिच्या काकांनी फार वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेली.

अमेरिकन पेटीचं एक दुखणं असतं. तिकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. तिकडची पेटी आपल्या जुन्या टीव्हीला जोडली की चित्र वरखाली पळतं. मागचं बटण पिळत बसलं की ते थांबतं, पण रंग येत नाही आणि आवाजही येत नाही. म्हणजे काळा-पांढरा मुका खेळ. वत्सला आणि तिचे वडील गुंडूराव असाच खेळ वर्षानुवर्षं खेळले होते. दोन रणगाडे, मध्ये भिंती आणि एकमेकांवर गोळे सोडायचे. तोफेचे आवाज दोघं तोंडाने काढायचे.

"आणि दोन्ही रणगाडे एकसारखे करडे," ती म्हणाली. "दोन वेळा एकमेकांवर आदळले की कुठला कोणाचा ते कळायचंच नाही. मग अण्णा म्हणणार, जिंकला तो माझा. मी म्हणणार, हरला तो तुमचा. त्यावर जेवणापर्यंत भांडण."

ती हे हसत सांगत होती. मग थांबली. आई गेल्यापासून अण्णा बोलत नाहीत, ती म्हणाली. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते घरीच असतात आणि दिवसभरात 'सरी' आणि 'आय्तु', म्हणजे 'बरं' आणि 'झालं', एवढंच त्यांच्या तोंडून निघतं. फक्त पेटी लावली की त्यांना वाचा फुटते. आता जुना टीव्ही मेला होता. नवीन आणला तो रिमोटवाला, रंगीत, स्वतःच स्टेशन शोधणारा. त्याला मागे पिळायचं बटणच नाही आणि ही परदेशी पेटी त्याला स्टेशन वाटत नाही. खेळ बंद झाला आणि त्याबरोबर अण्णाही. त्यातून तिला जर्मनीत दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. सीमोल्लंघन दसऱ्याला करावं म्हणून वडिलांनीच दसऱ्याच्या संध्याकाळची मद्रासची गाडी ठरवली होती, पुढचं विमान तिथून होतं.

"जायच्या आधी एकदा तरी त्यांच्याशी खेळायचंय," ती म्हणाली. "नाहीतर दोन वर्षं मी फोनवर त्यांचं 'सरी' ऐकणार."

तिने नुसतं रडगाणं आणलं नव्हतं, उपायही आणला होता. कॉलेजच्या ओळखीने तिला इंटरनेट बघायला मिळायचं. ह्या पेटीवर जीव असलेली माणसं जगभर होती. कंपनीने पेटी सोडून दिली तरी त्यांनी सोडली नव्हती. त्यांच्यापैकी कोणीतरी एका लहानशा सर्किटचं चित्र काढून सगळ्यांसाठी ठेवलं होतं. टीव्हीच्या एरियलकडे जाणारा सिग्नल मध्येच पकडायचा, त्याला थोडा जोर द्यायचा आणि व्हिडिओ कॅसेट प्लेअर जिथे जोडतात तिथे थेट सोडायचा. मग स्टेशन शोधण्याची भानगडच नाही. नवे टीव्ही त्या वाटेने आलेला अमेरिकन रंगही दाखवतात.

मला त्या चित्राचं फार नवल वाटलं. आमच्या धंद्यात एखादी खुबी सापडली की माणूस ती शेजारच्या दुकानदारापासून लपवतो. मी स्वतः पार्टवरचे नंबर खरवडून ठेवायचो. आणि इथे कोणीतरी सातासमुद्रापलीकडे बसून, कोणी न मागता, सगळं उलगडून ठेवलं होतं. त्या माणसाला भेटून एक कॉफी पाजावी असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

वत्सलाने ते सर्किट स्वतः जोडलं होतं. डाख देखणा, स्वच्छ. पण चित्र यायचं ते धुक्यातून आल्यासारखं मंद. कॉलेज सुटलं की ती यायची आणि आम्ही दोघं त्यात डोकं घालून बसायचो. तार बदलली, सप्लाय बदलला, मी माझा नेहमीचा उपाय म्हणून पेटीला दोन शिव्याही घातल्या. शेवटी मी त्या सर्किटातला ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचा काळा दाणा, भिंगाखाली धरला. चित्रात जो लिहिला होता तो आपल्याकडे मिळत नाही. एसपी रोडच्या पार्टांच्या बाजारातल्या दुकानदाराने तिला "सेम सेम" म्हणून दुसरा दिला होता. तो खरंच सेम होता, फक्त त्याचे पाय उलट्या क्रमाने होते. उलटा लावला तरी तो थोडंफार काम करतो, मेंगळटासारखं. मी तो काढला, फिरवून बसवला आणि बटण दाबलं.

दुकानाच्या टीव्हीवर एक रणगाडा हिरवागार दिसला आणि दुसरा केशरी. वत्सला पडद्याला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "जमीन तपकिरी आहे की हो, राव मामा. मला वाटायचं पाणी आहे." फुलवाली भाग्यम्मा हातातला गजरा तसाच घेऊन आत बघायला आली. त्या संध्याकाळी मला माझा धंदा फार आवडला.

"अण्णांना काही बोलायचं नाही," वत्सलाने मला बजावलं. आयुधपूजेच्या संध्याकाळी, सगळं आवरल्यावर ती त्यांना एकदम दाखवणार होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आमची आयुधपूजा सांगायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते आणि हत्यार म्हणजे तलवार नव्हे. बस, लॉरी, ऑटो, शिवणयंत्र, मिक्सर, ऑफिसातला टाइपरायटर, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, समोर कोहळा. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. दसऱ्याच्या सकाळी ते उचलायचं आणि त्याने पहिलं काम करायचं. सणानंतरचा आठवडा आमच्या धंद्यात मोठा. कुंकू प्यायलेली यंत्रं रांगेने येतात.

त्या दिवशी माझ्या दुकानात फळीवर डाख द्यायची इस्त्री, मीटर, पेचकस, पकड, सगळे कुंकू लावून निजले होते. मी दारात बसून चुरमुरे-बत्ताशे वाटत होतो. दिवे लागल्यावर वत्सला ऑटोतून उतरली. हातात पेटी.

"अण्णांनी पूजा केली," ती म्हणाली.

एवढ्यावरूनच मला कळलं, पण तिने सगळं सांगितलं. अण्णांनी सकाळी घरातल्या यंत्रांना ओळीने कुंकू लावलं. पेटीचीही पूजा होईल असं वत्सलाला वाटलं नव्हतं, पण टीव्हीशेजारी कापडात गुंडाळलेली ती त्यांना सापडली. आत काय बदललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती पुसली, पाटावर मांडली, ओल्या हळदी-कुंकवाची बोटं ओढली, अक्षता टाकल्या, तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. मग एक झेंडूचं फूल घेतलं आणि ते डबीच्या खाचेत रोवलं, कारण खाच नेमकी त्याच मापाची होती. स्कूटरला एक बोट आणि पेटीला पाच बोटं, अशी सढळ पूजा. संध्याकाळी वत्सलाने अण्णांची नजर चुकवून फूल काढलं, डबी बसवली, बटण दाबलं आणि पडदा काळा.

"एकदा उघडून बघा की, मामा."

मी फळीकडे बघितलं. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी कधी ह्या दिवशी चिमटा उचलला नाही आणि मीही कधी पेचकस उचलला नव्हता. लॉरीवाल्यांना, प्रेसवाल्यांना, सगळ्यांना आजवर मी 'उद्या या' हेच उत्तर दिलं होतं. आता ह्या मुलीला वेगळं उत्तर द्यावं असं मनापासून वाटत होतं आणि हात पुढे होत नव्हता.

तिनेच मला सोडवलं. "राहू दे. अण्णांनाही आवडायचं नाही. सकाळी मला म्हणाले, आज तिला विश्रांती." एवढं बोलून ती स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी होती. मी तिच्या हातावर चुरमुरे ठेवले.

"आता पुन्हा चालू करू नकोस," मी म्हणालो. "कोरड्या फडक्यावर पालथी ठेव आणि फॅनखाली असू दे."

"फॅनचीही पूजा झालीय."

"फॅनला कोण कुंकू लावतं?"

"अण्णा. प्रत्येक पात्याला."

"मग वर्तमानपत्राने वारा घाल," मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. ती डोळे पुसत हसत होती.

दसऱ्याच्या सकाळी माझ्या दुकानात पहिलं काम ठरलेलं असायचं. घरच्या जुन्या रेडिओला एक डाख द्यायचा, मग गिऱ्हाइकं. त्या वर्षी मी हत्यारं पिशवीत भरली आणि बसवनगुडीची बस धरली.

दार गुंडूरावांनी उघडलं. उंच, वाळलेले, कपाळावर गोपीचंदन. "या," म्हणाले आणि बाजूला झाले. बैठकीत वत्सलाच्या बॅगा बांधून ठेवल्या होत्या. मी जमिनीवर बसून पेटी उघडली. आतून अक्षता गळाल्या. पिनांमध्ये कुंकवाचा लगदा बसून दोन-तीन पिना एकमेकींना चिकटल्या होत्या. ओल असताना बटण दाबलेलं, आत काही जळलं असेल तर सगळा खेळ संपला, हे मला आणि वत्सलाला दोघांनाही कळत होतं. मी ब्रश चालवत राहिलो. स्पिरिट तांबडं होऊन फडक्यावर उतरत होतं.

गुंडूराव माझ्या डोक्याशी उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्यामुळे का?"

"नाही अण्णा, धूळ," वत्सला लगेच म्हणाली.

"धूळच," मी म्हणालो. "तांबडी आहे, एवढंच."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी सगळं कोरडं केलं, डबी बसवली आणि बटण वत्सलाला दाबायला सांगितलं.

रंग आले. हिरवा, केशरी, तपकिरी जमीन. गुंडूराव आधी उभ्या उभ्या बघत होते, मग खुर्चीवर बसले, मग खुर्ची पुढे ओढली. "हे असं होतं होय?" ते म्हणाले. हे त्यांचं मी ऐकलेलं पहिलं पुरं वाक्य. मग गोळा सुटला आणि टीव्हीतून एक बारीक 'पुक' असा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एवढाच आवाज?" म्हणाले. "आमचा बरा होता." त्यांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि पुढच्या गोळ्याला स्वतः "धडाम" म्हणाले. वत्सलानेही दणकून उत्तर दिलं. मी जन्मात पुष्कळ टीव्ही दुरुस्त केले, पण असा आवाज कुठल्या टीव्हीतून काढता आला नाही.

थोड्या वेळाने मला एक गंमत दिसायला लागली. आरडाओरडा चालू होता, पण मरत कोणीच नव्हतं. गुंडूरावांचा हिरवा रणगाडा केशरीच्या पाठीशी नीट येऊन उभा राही आणि गोळा भिंतीवर सोडी. केशरी समोरून येई, नेम बरोबर साधी आणि ऐनवेळी वळे. दोघंही एकमेकांना जिंकू देत होती. काळ्या-पांढऱ्यात ते कोणाला दिसत नव्हतं, इतकी वर्षं त्या दोघांनाही दिसलं नव्हतं. आता रंगात सगळं उघडं पडलं.

गुंडूराव थांबले. "वत्सला, मार की."

"तुम्ही मारा."

त्यांनी पॅड मांडीवर ठेवलं. "म्हणजे तू नेहमीच..." ते म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली.

मी उगाच पिशवीतली हत्यारं मोजायला लागलो. मग गुंडूरावांनी पॅड उचललं, "धडाम" म्हणाले आणि केशरी रणगाड्याच्या चिंधड्या केल्या. वत्सला किंचाळली. त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत त्या घरात जी लढाई झाली तिच्यात दयामाया नव्हती. पोळ्या मी वाढून घेतल्या.

वत्सला त्या संध्याकाळच्या गाडीने गेली. पुढे तिथून मला तिचं एक कार्ड आलं, त्यावर दोन रणगाडे काढलेले होते. तशा पेट्या आता कोणाकडे नाहीत. नव्या यंत्रांना स्क्रू नसतात, ती उघडत नाहीत, बिघडली की टाकून देतात. मला त्याचं वाईट वाटतं. फुंकर मारण्यासारखं त्यांत काहीच नाही.

त्या दसऱ्यानंतर काही दिवसांनी गुंडूराव दुकानात आले, एकटे, काखेत पिशवी. पिशवीत पेटी होती. मला वाटलं, गेली.

"बिघडली?"

"नाही. हिला एक बटण बसवून द्या. रंग बंद करायचं."

त्या सर्किटात रंगाची तार वेगळीच येते, मध्ये बटण टाकणं सोपं होतं. पण मला कळेना. "रंग आवडले नाहीत का? आणि रंग तर रिमोटवरही कमी होतो."

"रिमोट नको. मग बातम्याही काळ्या-पांढऱ्या दिसतात. पेटीवरच बसवा." ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पिशवीची घडी घातली. "वत्सला सुट्टीला येईल तेव्हा रंग बंद ठेवायचा, कोण कोणाला सोडतंय ते दिसायला नको. आणि गुरुवारी तुमचं दुकान बंद असतं ना? घरी या खेळायला. तुम्ही आलात की रंग चालू. तुमचा मला काही भरवसा नाही."